मी आत घेतलेला माणूस

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, बहिणीपुढे नाही. लातूरजवळ मुरुडला माहेरी गेले की आम्ही बहिणी दुपारी शेजारी शेजारी आडव्या होतो, बोलत पडतो. तेव्हा एकदोनदा अगदी ओठांवर आलं होतं — मग मी चहा ठेवायला उठले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही दिसत नाही. पण आता लिहायला घेतलंय, तर लिहिते.

आधी माझं काम सांगावं लागेल, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. आणि खरं सांगायचं तर — मलाही तेवढाच उशीर करायचा आहे.

औषधांच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी आमची छोटी कंपनी. मुख्य ऑफिस नांदेडला, वजिराबादेत. लातूरचं ऑफिस औसा रोडला, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खालून मशिनचा आवाज आला की आमच्यातलं कोणीतरी हमखास गालाला हात लावणार. मी तिथे पहिल्यापासून आहे. सगळे मला अक्का म्हणतात, मालकसुद्धा. आमच्या घरात मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. मला ते आवडायचं. सगळ्यांची थोरली बहीण.

आमचं सगळं काम इंटरनेटवरच्या एका प्लॅटफॉर्मवर चालतं. प्रत्येक कामाचा तिथे एक प्रोजेक्ट. कोणाला कुठला प्रोजेक्ट दिसावा हे ठरवणं माझ्याकडे होतं, अजूनही आहे. त्यात एकेका माणसाला आत घेत बसायचं नसतं. माणसांचे ग्रुप करायचे आणि ग्रुपला प्रोजेक्टमध्ये घ्यायचं. ग्रुप आत आला की त्यातली सगळी माणसं आत. ग्रुप काढला की सगळी बाहेर. कंटाळवाणं काम. कोणी त्यात लक्ष घालत नाही, कोणी विचारत नाही. अक्का बघतात म्हटलं की विषय संपला.

लातूरच्या प्रोजेक्टमध्ये सॉफ्टवेअरच्या कोडशिवाय आणखी एक गोष्ट असायची. दुकानांत जाऊन सॉफ्टवेअर बसवून द्यायचं, त्याची कामं आम्ही तिथेच टाकत होतो. दुकानाचं नाव, गाव, दिवस, साधारण वेळ — आणि कोण जाणार ते.

प्रज्ञा हिमायतनगरची. वडील पंचायत समितीतून निवृत्त झालेले, घरात शिकण्याची शिस्त. नांदेडच्या ऑफिसात ती आली तेव्हा कॉलेजातून नुकतीच निघालेली होती. आमच्या सॉफ्टवेअरमधली अक्षरं तिनेच मोठी केली. म्हाताऱ्या दुकानदारांना चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावावं लागतं हे तिने पाहिलं होतं, आम्हीही पाहिलं होतं, पण केलं तिने. हसायला लागली की तोंडावर हात धरायची आणि मग खांदे हलत राहायचे.

नितीन त्याच ऑफिसात. रिपोर्टचं काम त्याच्याकडे. हळू बोलणारा, कोणाला उलटून न बोलणारा मुलगा. त्यांचं जमलं तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं होतं. लग्न भोकरला झालं, मी गेले होते. त्याच्या आईने मला पंगतीत आग्रह करकरून वाढलं होतं.

मग एके दिवशी मालकांचा फोन आला. प्रज्ञाची लातूरला बदली करून राहिलो, म्हणाले, तिला जरा सांभाळून घ्या. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ती आली एक बॅग घेऊन. ऐन उन्हाळा, पंख्याखाली बसून आमचे जीव जात होते, आणि तिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्या. मला आणखी काय सांगायला पाहिजे होतं? मी बघितलं आणि मला कळलं.

तिने एकच गोष्ट मागितली. लातूरचा प्रोजेक्ट नितीनला दिसू नये. तोवर आमचा प्रोजेक्ट नांदेडच्या पूर्ण ग्रुपला दिसत असे, आणि नितीन त्या ग्रुपमध्ये. म्हणजे उद्या ती निलंग्याला जाणार की चाकूरला, हे त्याला घरबसल्या कळलं असतं. मी लगेच केलं. नांदेडचा ग्रुप काढला, लातूरचा वेगळा ग्रुप केला, त्यात आमचीच चार माणसं घातली. ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून बघत होती. परत एकदा दाखवायला लावलं तिने.

"अक्का, आता न्हाई ना दिसणार त्याला?"

"न्हाई दिसणार."

त्या दिवशी हे खरं होतं. एवढं तरी मी म्हणू शकते. की त्याला काही अर्थ नाही?

बार्शी रोडला तिला खोली मिळाली, शबाना नावाच्या मुलीबरोबर. शबाना उदगीरची, इथे एका खासगी दवाखान्यात नर्स. मी तिला दोन-तीनदाच पाहिलं तेव्हा. मोठ्या आवाजाची, रस्त्यावरून चालताना प्रज्ञाचा दंड धरून चालणारी. प्रज्ञा रोज सकाळी तिला सांगून निघायची — आज या गावी चालले, या दुकानात, एवढ्या वेळात परत येईन. आणि यायला उशीर झाला की शबाना ऑफिसात फोन करायची. तिला तिखट बोलायची सवय होती. आम्हालाच दटावायची, पोरगी अजून आली कशी न्हाई म्हणून.

थंडी सुरू झाली होती, तेव्हा नितीन लातूरला आला. प्रज्ञा त्या दिवशी निलंग्याला गेली होती. ती नाही हे बघूनच तो आला असणार — हे मला तेव्हा सुचलं नाही. की सुचलं होतं? मी खूपदा आठवून बघितलंय. मला वाटतं, सुचलं होतं.

तो माझ्यासमोर बसला. वाळला होता. नजर टेबलावर. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, चूक माझी होती, मी आता सुधारलोय, रोज सकाळी उठून पळायला जातो, राग आला की घराबाहेर पडतो. मग म्हणाला, "अक्का, मला तिच्याशी बोलायचं न्हाई. ती बरी हाय, कामावर येऊन राहिली, एवढं दिसलं तरी मला दोन घास जातील."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला पाणी दिलं प्यायला.

आणि मग त्याला प्रोजेक्टमध्ये — बघा, मी आत्ता लिहिणार होते, प्रवेश दिला गेला. दिला गेला कसा? मी दिला. तो समोर बसलेला असताना, स्क्रीन माझ्याकडे वळवून, मी दिला.

लातूरच्या ग्रुपमध्ये त्याचं नाव घातलं असतं तर ते प्रज्ञाला पहिल्याच दिवशी दिसलं असतं. म्हणून तसं केलं नाही. "रिपोर्ट" नावाचा एक जुना ग्रुप होता. त्यात नितीन आणि नोकरी सोडून गेलेला एक जण. मी तो ग्रुप लातूरच्या प्रोजेक्टला जोडला. फक्त वाचण्यापुरता, कशाला हात लावता येणार नाही असा. प्रोजेक्टच्या पानावर ग्रुपचं नाव तेवढं दिसतं. माणसं बघायला ग्रुप उघडावा लागतो. रिपोर्ट असं लिहिलेलं कोण उघडून बघणार? कामाचंच काहीतरी असेल असं वाटतं.

म्हणजे लपवायचं आहे हे मला करतानाच माहीत होतं. चांगुलपणा असा लपवून करतं का कोणी? ही वाट किती दिवस उघडी ठेवायची, त्यासाठी तिथे एक चौकोन असतो. तारीख टाकली की त्या दिवशी बंद होते. मी तो रिकामा सोडला.

जाताना त्याने वाकून नमस्कार केला. त्या दिवशी संध्याकाळी मी फार खुशीत होते. भाजी निवडताना गुणगुणत होते. एक मोडलेलं घर सांधायला आपला हात लागला, असं काहीतरी डोक्यात होतं.

असं काहीतरी — पण तेवढंच नव्हतं. आता जे सांगायचंय ते त्या ग्रुपपेक्षाही अवघड आहे.

माझा नवरा वाईट माणूस नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. आता त्याला साखर आहे, गुडघे गेलेत, खुर्चीत बसून असतो. पण आमच्या घरातही ताट भिंतीवर गेलेलं आहे. आणि ताटावरच भागलं असंही नाही. एके काळी मी सगळे ब्लाउज लांब बाह्यांचे शिवून घेतले होते. शिंप्याला म्हटलं होतं, सध्या हेच चालतंय. मी कुठे गेले नाही. बॅग भरली नाही. माहेरी कळू दिलं नाही. राहिले. आणि ही पोरगी आली सरळ निघून, मालकांनी बदली केली, खोली मिळाली, मैत्रीण मिळाली, आणि उन्हाळा सरता सरता ती तोंडावर हात धरून हसायलाही लागली. इतकं सोपं होतं ते? मग मी इतकी वर्षं काय केलं?

तिने परत जावं असं मला वाटत होतं. ती परत गेली असती, तर माझं राहणं बरोबर ठरलं असतं. हे मी स्वतःशीही इतक्या स्पष्टपणे कधी म्हटलं नव्हतं.

पहिल्यांदा तो तिला औशाला दिसला. दुकानातून बाहेर पडली तर समोर रसवंतीच्या बाकावर बसलेला. काही बोलला नाही, उठलाही नाही. योगायोग असेल, म्हणाली ती मला, आणि माझ्याकडे बघत राहिली. असेल, म्हणाले मी.

मग निलंग्याला दिसला. स्टँडच्या फाटकात उभा. मग चाकूरला — आणि चाकूरला तो तिच्या आधी येऊन थांबला होता. ती रिक्षातून उतरली तेव्हा दुकानाच्या समोरच्या बाजूला, झाडाखाली, हाताची घडी घालून. जवळ आला नाही. हाकही मारली नाही. नुसता उभा. ती दुकानात काम करत असताना काचेतून दिसत राहिला, आणि एकदा तिने मान वर केली तर तो नव्हता. ती म्हणाली, तो दिसत होता त्यापेक्षा तो दिसेनासा झाला तेव्हा जास्त भीती वाटली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हा हात, हाच.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेलेले असताना, मी नितीनला फोन लावला. मी म्हणाले, मी तुला एवढ्यासाठी दिलं नव्हतं, हे बंद कर. तो जराही चिडला नाही. हळूच म्हणाला,

"बंद करा की अक्का. पण कोणी दिलं होतं, कधी दिलं होतं, ते तिथं राहतंच ना?"

मग त्याने नवऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. काळजी घ्या म्हणाला. आणि फोन ठेवला.

मी ते पान उघडलं. रिपोर्ट ग्रुपच्या समोर काढून टाकायचं बटण असतं. बोट त्यावर होतं. काढलं असतं तर तो चवताळून मालकांना सांगेल, प्रज्ञाला सांगेल — हा हिशोब मी केला. तिच्या जिवाची एक बाजू आणि माझ्या अक्कापणाची एक बाजू. जिन्यात पावलं वाजली, सगळे वर येत होते. मी पान बंद केलं. नुसतं पान.

त्यानंतर प्रज्ञा विचार करायला लागली, कोण सांगत असेल. प्रोजेक्टचा संशय तिला आला नाही. ते तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि करून देणारी मी होते. वडिलांवर संशय आला तिला, पण वडिलांना तिची गावं माहीत नसायची. मग कोणाला माहीत असायची? रोज सकाळी, न चुकता? शबानाला. आणि नितीनने पूर्वी एकदा शबानाला फोन केला होता, प्रज्ञाला समजावा म्हणून. शबानाने त्याला झापलं होतं आणि संध्याकाळी प्रज्ञाला सगळं सांगितलंही होतं. पण आता प्रज्ञाला वाटायला लागलं — एकदाच केला असेल कशावरून?

पाण्याच्या फिल्टरपाशी आम्ही दोघी उभ्या होतो. तिने विचारलं, "अक्का, शबाना असंल का?"

इथे मी थांबू शकत होते. यानंतरही अनेक जागा आल्या, पण ही सगळ्यात सोपी होती. नाही गं, शबाना नाही — एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझं नाव न सांगता.

"असंल बाई," मी म्हणाले. "कोणाच्या मनात काय, कसं सांगावं."

तिला खात्री करून घ्यायची होती. खात्री झाल्याशिवाय कोणावर आळ घेणारी ती मुलगी नव्हती. तिने ठरवलं आणि ते मला येऊन सांगितलंही. पुढचं दुकान मुरुडचं होतं. या वेळी ती फक्त शबानाला सांगणार होती, वडिलांना नाही, घरमालकिणीला नाही, आणखी कोणालाच नाही. मुरुडला तो आला, तर शबाना. दुकान भर बाजारात आहे, म्हणाली, लांबूनच दिसेल, आणि इथे आल्यापासून त्याने हात तर लावलेला नाही. मला म्हणाली, प्रोजेक्टमध्ये नेहमीसारखं टाका, तिथं आपलीच माणसं आहेत.

मी ते काम टाकलं. दुकानाचं नाव, मुरुड, मंगळवार, दुपार, प्रज्ञा.

तो येणार हे मला माहीत होतं. लिहिताना माहीत होतं. खोटी तारीख टाकता आली असती. मी बरोबर जाते म्हणता आलं असतं, माझंच तर माहेर. त्या दिवशी सकाळी तिची तब्येत विचारता आली असती, काहीतरी निमित्त काढून तिला बसवून ठेवता आलं असतं. मी सकाळी तिला म्हणाले, नीट जा.

पुढचं मला दुकानदाराकडून कळलं. तो आमच्या वडिलांच्या ओळखीचा, साधा माणूस. नितीन तिच्या खूप आधी दुकानात गेला. कंपनीतून आलोय म्हणाला, मॅडमही येऊन राहिल्या, सॉफ्टवेअर बसवायचंय. मॅडमचं नाव त्याला ठाऊक, वेळ ठाऊक, बोलणं अदबीचं. दुकानदाराला का शंका यावी? नितीननेच त्याला सुचवलं, तुम्ही जेवून घ्या निवांत, आम्ही आहोत. तो घरी गेला.

तिने बाहेर सगळीकडे बघितलं असणार. रस्त्यावर, टपऱ्यांवर, झाडाखाली. तो कुठेच नाही, हे बघून तिला हलकं वाटलं असेल का? मग ती आत गेली.

त्याने शटर खाली ओढलं.

समोरच्या चपलांच्या दुकानातल्या लोकांना काचा फुटल्याचा आवाज आला. त्यांनी शटर वर केलं. ती काउंटरच्या मागे होती, औषधांच्या बाटल्यांमध्ये. उजवं मनगट मोडलेलं, कानामागून रक्त, गळ्यावर बोटं उमटलेली. तो स्टुलावर बसला होता. पळाला नाही. पोलीस येईपर्यंत बसून होता म्हणतात, आणि कोणीतरी पाणी दिलं तर पाणीही प्याला.

मला ऑफिसात फोन आला. तिला लातूरला सरकारी दवाखान्यात आणत होते. निघायच्या आधी मी काय केलं, सांगू? पायांत चपला होत्या, पर्स खांद्यावर होती — आणि मी उभ्या उभ्या लॅपटॉप उघडून रिपोर्ट ग्रुप काढून टाकला. ज्यासाठी इतके दिवस हिंमत झाली नव्हती, ते झालं. बटण दाबलं आणि संपलं. मग मी रिक्षा केली आणि रिक्षात रडले. ते रडणं खोटं नव्हतं. पण आधी ग्रुप काढला, मग रडले.

मालक नांदेडहून धावत आले. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आपल्या सिस्टिममधून तर काही गेलं न्हाई ना, तुम्ही एकदा बघून सांगा. दुसऱ्या दिवशी मी त्यांना सांगितलं, सगळं तपासलं, त्याला आपल्याकडचं काही दिसत नव्हतं. त्यांनी मान हलवली. आणखी कोणी तपासायचं? तपासणं माझंच काम होतं. त्यानंतर मालकांनी नांदेडचे सगळे प्रोजेक्टही माझ्याकडे दिले. अक्का असल्या की घोर न्हाई, असं सगळ्यांसमोर म्हणाले.

शबाना दवाखान्यात आली होती, डबा घेऊन. प्रज्ञाने भिंतीकडे तोंड फिरवलं. शबानाला काही कळेना; ती पलंगाजवळ उभी राहून विचारत होती, क्या हुआ, माझं काय चुकलं ते तर सांग. मीच तिला हाताला धरून बाहेर नेलं. आत्ता नको, म्हणाले. डबा मी ठेवून घेतला.

प्रज्ञाने पोलिसांना शबानाचं नाव सांगितलं. शबानाला चौकीत बोलावलं, फोन काढून घेतला, त्यात नितीनने पूर्वी केलेल्या त्या फोनची नोंद निघाली. त्यातून पुढे काही झालं नाही, होण्यासारखं काही नव्हतंच. पण उदगीरहून तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. पोलीस स्टेशनची पायरी चढलेल्या मुलीची नोकरी पुरे झाली, असं घरच्यांनी ठरवलं. ती पुन्हा दवाखान्यात कामाला लागली की नाही, मला माहीत नाही. मी कधी चौकशी केली नाही.

नितीनला कंपनीने काढलं. तो जामिनावर बाहेर आहे. माझं नाव त्याने अजून कुठेच घेतलेलं नाही. का, ते मला कळत नाही. तो ते राखून ठेवतोय असं वाटतं. नांदेडचा अनोळखी नंबर आला की मी फोन उचलत नाही, आणि न उचलल्यावर दिवसभर तो परत येईल म्हणून बसून राहते.

प्रज्ञाने हे काम सोडलं. मनगट जुळलं, पण बोटं पहिल्यासारखी चालत नाहीत. ती हिमायतनगरला असते, मुलांच्या शिकवण्या घेते. खटल्याची तारीख लागली की लातूरला यावं लागतं. आदल्या दिवशी संध्याकाळी येते आणि माझ्याकडे उतरते. दुसरीकडे कुठे उतरणार? लातुरात माझं माणूस म्हणजे तुम्हीच, असं ती मला म्हणते. माझ्या नवऱ्यासाठी फुटाणे आणते. तो तिची विचारपूस करतो, असल्या माणसाला फासावर द्यायला पाहिजे म्हणतो, आणि मी भाकरी थापत असते.

मागच्या तारखेला ती आली तेव्हा जरा घाबरीघुबरी होती. जेवताना सांगितलं तिने. स्टँडवर शबाना दिसली होती. कडेवर लहान मूल होतं. गर्दीतून वाट काढत प्रज्ञाकडेच येत होती, हात वर करून हाका मारत. प्रज्ञा वळली आणि भराभर चालत सुटली, मागे बघितलं नाही. आता तिला राहून राहून वाटत होतं, एकदा ऐकून तरी घ्यायला पाहिजे होतं का?

"बरोबर केलं ना मी, अक्का?"

ती माझ्याकडे बघत होती. घास हातात तसाच.

मी तिच्या ताटात भाकरी वाढली आणि म्हणाले, "बरोबर केलंस."